ळ कुठे बसवायचा

लग्न होऊन मी जळगावहून मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला आले ती लॅपटॉप घेऊनच. पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवायचं काम मी तिथल्या लालबाग भागातल्या घरातून करायचे. सासूबाई मराठी शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच. मी पडद्याकडे बघायचे आणि त्या माझ्याकडे.

कंपनीच्या एका कामात मराठी नावांची यादी अकारविल्हे लावायची होती. संगणकानं ती आपल्या मनानं लावली आणि ती चुकली. म्हणून मी यादी लावणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्यांनाही तो आपापल्या वेबसाइटमध्ये जोडता यावा म्हणून कंपनीला विचारून इंटरनेटवर खुला ठेवला. अशा तयार कोडला आमच्याकडे लायब्ररी म्हणतात. हे मी नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं नातेवाइकांत सांगितलं, की बायकोनं लायब्ररी काढली आहे. पुढच्या आठवड्यात फोपनारचे मामा केळीच्या फण्यांबरोबर जुन्या मासिकांचं एक पोतं घेऊन आले. "घरात पडूनच होती," म्हणाले. पोतं आम्ही ठेवून घेतलं.

सासूबाईंना मी खरं काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कोणीही घ्यायचं?"

"हो."

"आणि फुकट?"

"फुकटच."

"मग घेणारे तुला शिव्या का देतात?"

हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्याच सकाळी परदेशातल्या एकानं लिहिलं होतं, की तुमच्या लायब्ररीमुळे आमचं काम अडलं आहे, आजच्या आज दुरुस्त करा. मी ते मोठ्यानं वाचत होते. दुरुस्ती मी दुपारपर्यंत करूनही दिली. आभाराचा शब्द आला नाही, पण त्यानं आणखी दोन चुका कळवल्या.

काही महिन्यांनी सासूबाई ज्याच्या सभासद होत्या त्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळानं आपली वेबसाइट बनवली. बनवणाऱ्यानं माझीच लायब्ररी वापरली होती. ती सासूबाईंच्या सुनेची आहे हे त्याला माहीत नव्हतं. सासूबाईंनी सभासदांची यादी मोबाइलवर बघितली, मग मला छापून आणायला सांगितली. संध्याकाळी कागद माझ्यापुढे आला तेव्हा त्यावर लाल खुणा होत्या.

"ळ हा ल नंतर कोणी बसवला?"

मी म्हटलं, "संगणकात तो तिथेच असतो, आई."

"संगणक कुठल्या शाळेत गेला होता? ह, ळ, क्ष, ज्ञ. मसाला आधी, मळा नंतर. पहिलीतलं पोर सांगेल."

पहिलीत मीही हेच पाठ केलं होतं.

रात्रीच्या स्वयंपाकाआधी त्यांनी तक्रार सांगितली आणि मी ती माझ्याच लायब्ररीच्या पानावर लिहिली. खाली 'एक सेवानिवृत्त शिक्षिका' एवढंच टाकायला लावलं. दोन दिवसांत वाद सुरू झाला. हिंदी याद्यांसाठी ती वापरणाऱ्या इंदूरच्या एका प्रोग्रामरनं लिहिलं, की हिंदीच्या वर्णमालेत ळ नाहीच, मग त्याच्यासाठी सगळ्यांनी बदल का करायचा. दुसऱ्यानं विचारलं, की शब्दकोशात क्षमा हा शब्द क मध्ये असतो, तो शेवटी का न्यायचा. सासूबाई रोज दुपारी चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीशेजारी बसू लागल्या.

"त्याला लिही, हिंदीत नाही म्हणून मराठीतून काढायचा का?"

"असं नाही लिहिता येणार, आई. तिथे नम्रपणे लिहायचं असतं."

"मग शेवटी 'कळावे' लिही."

मी इंग्रजीत लिहीत होते, त्यामुळे 'कळावे' राहून गेलं. पण मुद्दा त्यांचाच होता आणि तो लोकांना पटला. मी नवीन आवृत्ती काढली. ळ ह नंतर गेला, क्ष आणि ज्ञ शेवटी गेले. सहकार्य करणाऱ्यांच्या यादीत त्यांना जागा मिळाली. इंदूरच्या त्या प्रोग्रामरनं त्यांचे खास आभार मानले. लायब्ररी सुरू झाल्यापासून इतके सुंदर आभार मला कोणी मानले नव्हते. सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतले आणि माझ्या नवऱ्याला आत बोलावून तिसऱ्यांदा.

तो म्हणाला, "सही है. चाय झाली का?"

"चहा," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात एका शिक्षिकेचा ईमेल आला. तिच्या शाळेची वेबसाइट माझ्याच लायब्ररीवर चालत होती, आणि नव्या आवृत्तीनंतर यादीचा क्रम पालटून मुलांचे हजेरी क्रमांक बदलले होते. सहामाहीचे गुण भलत्याच मुलांपुढे दिसत होते. तिनं बरंच लिहिलं होतं आणि त्यातलं काहीच चूक नव्हतं.

मला वाटलं, सासूबाई माझी बाजू घेतील. शेवटी बदल त्यांनीच करायला लावला होता.

"वर्षाच्या मध्ये क्रमांक बदलतात का?" त्यांनी मलाच विचारलं. "असला बदल शाळा उघडताना करायचा, आणि आधी सूचना लावून. तिची काय चूक?"

"पण ळ तुम्हीच—"

"ळ बरोबर होता. वेळ चुकली."

मी जुना क्रम परत आणला. मराठी क्रम हवा असेल त्यानं तसं सांगून मागायचा, अशी सोय केली. म्हणजे चुकीचा क्रम न मागता मिळतो आणि बरोबर क्रम मागावा लागतो. सासूबाईंना हे पसंत पडलं नाही, पण त्या शिक्षिकेला माफीचं पत्र त्यांनी स्वतः सांगितलं. तिनं उत्तर दिलं नाही.

त्यानंतर आलेल्या तक्रारी आम्ही दुपारी मिळूनच वाचायचो. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "बहू दिवसभर घरीच असते ना?"

"आम्ही दोघी कामात असतो," सासूबाई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात त्या धूलकोटला भाचीच्या लग्नाला गेल्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"कोणी काही लिहिलं का?"

"नाही, आई. सगळं नीट चाललंय."

"एकानंही नाही?"

"नीट चाललं की कोणी लिहीत नाही."

मागे मांडवात कोणीतरी भांडी हलवत होतं. मग म्हणाल्या, "शाळेतही असंच होतं," आणि भाचीचे सासरे त्यांच्या गाडीतून परत सोडणार आहेत, तेव्हा स्टँडवर कोणाला पाठवू नको, असं सांगून फोन ठेवला.