बोकडांच्या सावलीसाठी अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे, हिंदी शुद्ध आहे आणि अर्ज कसा लिहायचा हे मला कळतं, याचा मला गर्व होता. नवऱ्याची रेल्वेतली बदली जयपूरला झाली, मागोमाग मीही विमा कंपनीत बदली मागून घेतली, आणि सोडाला भागातल्या आमच्या गल्लीत वर्षभरात मी अर्जवाली बाई होऊन बसले. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, खांबावरचा दिवा बंद आहे, लोक माझ्याकडे यायचे. मी लिहायचे, एक प्रत वरच्या साहेबाला पाठवायचे आणि बऱ्याचदा काम व्हायचंसुद्धा. डोक्यात हवा गेली होती, आता कबूल करायला काय हरकत आहे.

आमच्या बसस्टॉपसमोर एक मटणाचं दुकान होतं. नवरा अकोल्याकडचा, रविवारी मटण हवंच. शेजारची बहुतेक घरं शाकाहारी, म्हणून आम्ही मटण कापडी पिशवीत तळाशी ठेवून वर मेथीची जुडी घालून आणायचो. मेथीखाली काय आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि मेथी दिसली की सगळी गल्ली खूशही होती.

दुकानदार साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची एक रीत होती. कापायच्या आधी प्रत्येक बोकडाला तो स्वतः ॲल्युमिनियमच्या वाडग्यातून पाणी पाजायचा, आणि जनावर पिऊन तोंड वर करेपर्यंत थांबायचा. "प्यासा नहीं काटते, बहनजी," तो मला एकदा म्हणाला होता. पण ते झालं शेवटचं पाणी. त्याआधी सकाळपासून बोकड दुकानासमोर सिमेंटवर बांधलेले असत, आणि जयपूरचा मे महिना म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळतं. मी नोकरीची कितीतरी वर्षं जनावरांच्या विम्याचे क्लेम पाहण्यात घालवली. धापा टाकणारं जनावर मला रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं, आणि एकदा ते दिसलं की बस येईपर्यंत दुसरीकडे बघताही येत नाही.

शेवटी मी त्याला बोलले. तो रागावला नाही. म्हणाला, दोनदा पत्रा टाकला, दोन्ही वेळा अतिक्रमणवाले उचलून घेऊन गेले. पाण्याचं घमेलं ठेवलं तर स्कूटरवाले ठोकरून जातात. मग हात पुसत म्हणाला, "आप लिख दीजिए ना. आपका लिखा तो सुनते हैं."

एवढंच हवं होतं आम्हा दोघांना. नगर निगमकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, चार फूट पत्र्याची परवानगी आणि पाण्याची एक कुंडी.

घरी नवरा म्हणाला, "तोंडी सांग न निगमवाल्यायले जाऊन. कागद कायले करतं?" मी हसले. रेल्वेतला हातोडीचा माणूस, त्याला कागदाची किंमत काय कळणार, असं मनात आलं.

आमच्या ऑफिसात वस्तुस्थितीशिवाय आलेला क्लेम मी कधी पुढे जाऊ दिला नाही. पहिल्या परिच्छेदात काय घडतं, कुठं, कधी, कोणाच्या ताब्यात. दुसऱ्यात नुकसान. तिसऱ्यात मागणी. तीस वर्षांची सवय. तेव्हा या अर्जाचा पहिला परिच्छेदही मी तसाच लिहिला: या दुकानात दररोज बोकड कापले जातात, आणि कापण्यापूर्वी ते सकाळपासून रस्त्यावर उन्हात बांधून ठेवलेले असतात. मग तहान, मग पत्रा. संध्याकाळी दुकानात उभं राहून मी दुकानदाराला सगळा अर्ज वाचून दाखवला. डाग पडतील म्हणून त्यानं कागदाला हात लावला नाही. "बहुत अच्छा लिखा है," तो म्हणाला.

नियम असा आहे की बोकड दुकानात कापायचा नाही. शहराबाहेर नगर निगमचा कत्तलखाना आहे, तिथं न्यायचा. डॉक्टर आधी जिवंत जनावर तपासणार, मग मटणावर शिक्का मारणार, आणि दुकानात ते फक्त विकायचं. ही गोष्ट मला माहीत होती, त्याला माहीत होती. त्या रस्त्यावरची सगळी दुकानं मागच्या बाजूला कापतात हे तपासायला येणाऱ्यांनाही माहीत होतं. माहीत असण्यानं कोणाचं काही बिघडत नाही. लिहून दिलं की बिघडतं. आणि मी नुसतं लिहून थांबले नाही, शिरस्त्याप्रमाणे वर प्रत पाठवली, म्हणजे खालच्या माणसाला कागद खणात टाकून गप्प बसायचीही सोय ठेवली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

शनिवारी दुपारी निगमची गाडी आली. मी घरीच होते, आवाज ऐकून धावत गेले. दुकानाच्या शटरला कुलूप घालून लाख लावत होते. सात बोकड होते, ते पाय धरून ट्रकमध्ये चढवले जात होते. दुकानदार पायरीपाशी उभा होता, हातात काहीच नसल्यासारखा.

मी अधिकाऱ्याला सांगितलं, अर्ज माझा आहे, मी तर सावली मागितली होती. माणूस सभ्य होता. त्यानं फाइल उघडून माझंच वाक्य दाखवलं. खाली लाल शाईची रेघ होती. "मॅडम, आपने ही लिखा है. इतनी साफ शिकायत हमें कहाँ मिलती है." आणि पत्रा, पाणी? त्यानं खरंच फॉर्म चाळून पाहिला. म्हणाला, त्याचा कॉलम नाही. अवैध पशुवधाचा आहे, तुमची तक्रार त्यात घेतली. ट्रक निघून गेला तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाडगा पायरीवर तसाच राहिला होता, अर्धा भरलेला.

सोमवारी रजा टाकून मी नवऱ्याला घेऊन निगमच्या कोंडवाड्यात गेले. दोन बस बदलाव्या लागतात. तिथं गायींसाठी मोठी पत्र्याची शेड होती आणि पाण्याची टाकीही होती. बोकड भिंतीला लागून उघड्यावर होते. तिथला कर्मचारी म्हणाला, शेड गायींसाठी मंजूर आहे, बोकडांचं इथं काही नाही, ते तात्पुरते आहेत. टाकी गायींच्या उंचीची. बोकडांचं तोंड तिच्या काठाला पोचत नव्हतं. तो बिचारा सकाळ-संध्याकाळ एकेक बादली ठेवत होता, पण एवढ्या जनावरांत तो एकटा, आणि बादली ठेवली की ती भटक्या गायी आधी संपवायच्या. क्रूर माणूस असता तर मला भांडता तरी आलं असतं.

नवऱ्यानं नळाखाली बादली भरली आणि वाकून त्यांच्यासमोर धरली. पाच बोकड पाणी प्यायले. दोन उठलेच नाहीत.

 परतताना बसमध्ये तो म्हणाला, "सात बोकडायच्या नावानं अर्ज केला तू. सात बादल्या पानी नेलं असतं त भागलं असतं."

रस्ता ओलांडला की दुकान. बस यायला रोज वीस मिनिटं लागायची. घरातून पाण्याची बादली आणायला दोनसुद्धा लागली नसती. इतक्या दिवसांत हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला राजस्थानात येऊन कळलं.

मी सुधारले का? नाही. दुसरा अर्ज लिहिला, कोंडवाड्यातल्या बोकडांसाठी. उत्तर आलं की विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. ते येईपर्यंत कोंडवाड्यात सातांपैकी एकही बोकड उरला नव्हता.

दुकान उघडलं नाही. महिनाभरानं दुकानदार मला भाजीबाजारात भेटला. आता घरीच मागच्या खोलीत कापतो, ओळखीची गिऱ्हाइकं येऊन घेऊन जातात, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. मी माफी मागायला गेले तर म्हणाला, "आपने तो भले के लिए किया था." त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आजही त्याची ऋणी राहिले असते. मी विचारलं, बोकड कुठं बांधता? त्याच खोलीत, तो म्हणाला. खिडकी नाही, दार दिवसभर बंद. आवाज बाहेर गेला तर कोणीतरी तक्रार करील. पाणी? पाणी तो अजूनही देत होता, कापायच्या आधी, त्याच वाडग्यातून.

म्हणजे बोकडांना सावली मिळाली. माझी मागणी मंजूर झाली म्हणायची.

त्यानंतर आम्ही मटण आणणं सोडून दिलं. ठरवून नव्हे. रविवारी नवरा पिशवी घेऊन निघायचा आणि नुसती मेथी घेऊन परत यायचा. 

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. निगमच्या तक्रार कक्षातून बोलतेय, कोवळा, गोड आवाज. तुमच्या शिकायतीचं निस्तारण, म्हणजे निवारण, झालं आहे, दुकान बंद करण्यात आलं आहे. क्या आप संतुष्ट हैं?

मी विचारलं, नाही म्हटलं तर काय होईल? ती पाठ केल्यासारखं म्हणाली, फाइल पुन्हा उघडेल, टीम पुन्हा जाईल आणि तो दुकानदार आता कुठं काम करतो आहे का याचीही चौकशी करेल.

मला ती मागची खोली दिसली, बंद दार दिसलं. तीस वर्षांत मी एकाही कागदावर खोटं लिहिलं नव्हतं.

"संतुष्ट," मी म्हणाले.

तिला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, आणि मला ते पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगावं लागलं.