एकेक टाकी

कारखान्यात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. आयुष्य लेथवर उभं राहून काढलेला माणूस, पण हे नाव कामापेक्षा खोडीमुळेच पडलं होतं. घरात नवं कपाट आलं तरी हा आधी मोजपट्टी घेऊन त्याच्या मागे लागणार. बायको म्हणायची, "मला पसंत करताना मात्र मोजमाप विसरलात वाटतं!"

पाण्याखाली उतरण्याचं वेड त्याला मोठ्या भावाने लावलं. दादा बस चालवायचा आणि सुट्टीला शहराबाहेरच्या, पाणी भरलेल्या जुन्या खाणीत हवेची टाकी पाठीला बांधून उतरायचा. धाकट्याला शिकवताना पहिल्या दिवशी त्याने त्याचा हात सोडलाच नाही. पुढे दोघं तरबेज झाले, खोल जाण्यासाठी प्रत्येकी दोन टाक्या वापरू लागले आणि एक बेत शिजायला लागला: लांबच्या एका बंदराजवळ बुडालेलं मालवाहू जहाज बघायचं. कधी पोरांच्या परीक्षा, कधी रजेची बोंब. बेत नुसता शिजतच राहिला. शेवटी दादाच्या कानांनी दगा दिला. ऑपरेशन करावंच लागणार होतं आणि त्यानंतर पाण्याखाली जाणं कायमचं बंद. म्हणजे जहाज बघायचं तर याच हंगामात.

विमानात भरलेल्या टाक्या नेता येत नाहीत. टाक्या तिथे भाड्याने घ्यायच्या, त्या अंगाला बांधायचं सामान मात्र आपलं. दादाची पाठ दुखायची, म्हणून त्याने काखेखाली दोन बाजूंना एकेक टाकी लटकवायचा पट्टा घेतला होता. टाकी जाड असो की बारीक, दोन हुक अडकवले की झालं.

"दादा, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजाराला निघाल्यासारखा दिसतोस," मिलीमीटर म्हणाला.

"दिसू दे. खाली मला बघायला कोण येणार आहे, मासे? तूही हाच घे आणि खाणीत चार वेळा सराव कर. तिथे कसल्या टाक्या मिळतील काय माहीत."

पण याने कारखान्यात स्वतःच्या हाताने पोलादी कड्या घडवल्या होत्या, दोन टाक्या एकमेकींना जोडून पाठीवर घ्यायच्या. खाणीवरच्या टाक्यांना त्या अशा बसत की मध्ये कागद सरकू नये. वहिनी म्हणालीसुद्धा, "भावजी, एकदा फोन करून विचारा तरी."

"वहिनी, माझं माप चुकायचं नाही."

माप चुकलं नव्हतंच. टाक्या वेगळ्या होत्या.

बंदरावर टाक्या भाड्याने देणाऱ्या बाईने त्याच्या कड्या उलटसुलट करून पाहिल्या. "काम सुरेख आहे हो. पण आमच्याकडे सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या, त्या जाड असतात." बोटभर जाड! दादासारखा पट्टा तिने देऊ केला, पण कधी न वापरलेलं सामान घालून खोल जायचं नाही, हे दादानेच त्याला शिकवलं होतं. आणि जहाजाकडे बोट त्या आठवड्यात एवढीच जाणार होती.

दोघंही बोटीत बसले. इतर मंडळी पाण्यात उतरली, पण दादा काही उठेना. "तुला वर ठेवून मी खाली काय करू? चल, एकेक टाकी घेऊ. तळापर्यंत नाही जायचं. जेवढं दिसेल तेवढं बघू."

मिलीमीटर स्वतःवर इतका चिडला होता की तो राग भावावरच निघाला. "एका टाकीत काय डोंबल दिसणार? वरवरच पोहायचं होतं तर घरची खाण काय वाईट होती?"

 दादाने पायातले पोहायचे पंख काढून ठेवले आणि बोट परत फिरेपर्यंत पाण्यात पाय सोडून बसला. पुढेही त्याने या गोष्टीवरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं आणि दादाने आपला पट्टा धाकट्याला देऊन टाकला. याने खाणीत त्याचा रीतसर सराव केला आणि दोन वर्षांनी एकटाच त्या बंदरावर गेला. दोन्ही काखांत टाक्या घेऊन उतरला, आणि थोडं खाली जातो न जातो तोच जहाजाचा वरचा मजला समोर आला. एक टाकी पुरून उरली असती. फुटक्या खिडक्यांतून पिवळ्या माशांची झुंडच्या झुंड आरपार जात होती आणि आत सुकाणूचं चाक जागच्या जागी उभं होतं. बस चालवण्यात आयुष्य घालवलेल्या दादाने ते दोन्ही हातांनी धरलं असतं, मान वळवून याच्याकडे पाहिलं असतं. तळाशी, जिथे जायला दुसरी टाकी लागत होती, तिथे नुसता गाळ आणि काळोख होता. काचेआड त्याला रडू आलं.

तो परतला तेव्हा दादा गॅलरीत वाट बघत बसला होता. "काय रे, एका टाकीत दिसलं असतं का काही?"

"छे! सगळं गढूळ. जे काय आहे ते तळाला."

दादाने सुस्कारा सोडला. "सुटलो बाबा. इतके दिवस वाटायचं, मीच तुला आग्रह करायला कमी पडलो."

मिलीमीटर मान खाली घालून बुटांची नाडी सोडत राहिला. आता खरं सांगायची सोय उरली नव्हती.