दादाच्या मापाची जाळी

जबलपूरला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होता, आता रिटायर. दिवाळीला फोन केला तर म्हणाला, "खाटेवर पडून पडून पाठीचा भुगा झाला रे. कॅम्पातली जाळी आठवून राहिली." नर्मदेच्या काठानं कालव्यांची मोजणी चालायची तेव्हा दादा महिनोन् महिने तंबूत राहायचा आणि दुपारचा दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरीच्या जाळीत झोपायचा. शाळेच्या सुट्टीत एकदा मीही कॅम्पवर गेलो होतो. त्याच जाळीत, त्याच्या पोटावर पाय टाकून झोपलो होतो. ते पोट केवढं मोठं होतं! मी लगेच म्हणालो, "दादा, जाळी मी आणतो. मी स्वतः येतो आणि बांधून देतो."

हे बोललो दिवाळीत. निघालो फेब्रुवारीत.

मधल्या तीन महिन्यांत मी काय केलं? हॅमॉकचा अभ्यास. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, तंबूची खुंटी घ्यायची तरी मी महिनाभर वाचतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी बायको म्हणते. तरी बरेच जण विचारतात म्हणून शिकलेलं सांगतो. रिसॉर्टच्या फोटोत दिसतात ते दोन टोकांना लाकडी दांड्या असलेले हॅमॉक छान सपाट दिसतात, पण कूस बदलली की माणसाला खाली ओततात. पातळ नायलॉनच्या कापडाचा मुठीत मावतो, ट्रेकला उत्तम, पण आपल्या उन्हाळ्यात त्यात घामानं आंघोळ होते. जाड सुती कापडाचा सगळ्यात मऊ, मात्र एकदा भिजला की कुबट वास जाता जात नाही. राहिली विणलेली जाळी, दांडीबिंडी नसलेली. खालून वारा लागतो, आणि झाडांच्या रेषेत न झोपता थोडं तिरकं झोपलं तर पाठ सरळ राहते. तिरकं झोपणं विसरू नका, नाहीतर माणसाचं केळं होतं.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दांडीवाली नको, कापडाची नको. तिलवाऱ्याला मासे धरणारे विणून देतात, तीच पाहिजे. इतकं काहून वाचून राहिला?"

पाच वर्षं मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. व्हिडिओ कॉल व्हायचे, पण दादाच्या हातात फोन असला की दिसायचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. आवाज मात्र तोच, मैदानाच्या त्या टोकाहून हाक मारावी असा. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, हे जरा बारीक झाले आहेत." शुगर आहे, मग पोटाचं ऑपरेशन झालं, हे मला माहीत होतं. मी काय उत्तर दिलं? "बरंच झालं वहिनी, पोट कमी झालं!" आणि हसलो. वहिनी हसल्या नव्हत्या, हे आता आठवतं.

पहिला दिवस पुणे ते नागपूर, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. समृद्धीवर गाडी पळते आणि डोळे मिटायला लागतात, दर दोन तासांनी थांबा. नागपूरला मुक्काम केला, सकाळी तर्री-पोहे खाल्ले आणि आठला निघालो. नागपूर-जबलपूर अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, थांबत गेलात तर सहा तास धरा. खवासा ओलांडलं की पेंचचं जंगल. तिथे रस्ता खांबांवर उचललाय, खालून जनावरं जातात, दोन्ही बाजूंना भिंती आहेत. वाघ दिसेल या आशेनं गाडी हळू करू नका, मागचा ट्रकवाला शिव्या घालतो. सिवनीनंतर लखनादौनला जेवून घ्या. पोळी, डाळ, आलू-मटर, दीडशेच्या आत पोट भरतं. त्या दिवसांत सगळीकडे हिरवा वाटाणा. जबलपूरजवळच्या पाटनकडून भरून निघालेली पोती टेम्पोतून उतू चाललेली. दादाला वाटाण्याची उसळ आवडते म्हणून मी वाटेत पाच किलो घेतला. दादा एकटा किलोभर वाटाणा फस्त करायचा.

जबलपूरच्या अलीकडे तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडावी लागते. घड्याळात अडीच वाजले होते. म्हटलं, जाळीचं काम आधी उरकू, दादासमोर एकदम नेऊन ठेवू. घाटावर चहावाल्याला विचारलं तर त्यानं पायऱ्यांच्या बाजूला बोट केलं. तिथे सुखलाल बसला होता, साठीचा, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून विणत. एका हातात बांबूची पट्टी, तिच्यावरून दोर फिरवून गाठ, पुन्हा गाठ. पट्टी जेवढी रुंद, तेवढा जाळीचा डोळा मोठा. झोपायची जाळी हवी, असं मी सांगितलं.

"काय भैया, कौन के लाने बनवा रये?" त्यानं वर न बघता विचारलं.

"बड़े भाई के लिए."

"तो उनखों ले आओ. देख के बनाहैं."

मी म्हटलं, आणायची गरज नाही, माझाच भाऊ आहे. पावणेसहा फूट उंची, वजन नव्वद-ब्याण्णव, खांदे असे. मी हात पसरून दाखवलं.

"आजकाल को वजन है?" सुखलालनं आता वर बघितलं. "जाल वजन से खुलत है, भैया. भारी आदमी के लाने मोटो दोर, बड़ो जाल. ओई में हलको आदमी सो जाए तो जाल खुलतई नइयां, बंद हो जात है."

जाळी वजनानं उघडते. तीन महिने मी जे वाचलं त्यात हे कुठे इतकं सोपं करून लिहिलेलं नव्हतं. मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं, ब्लॉगसाठी. आणि वजन तेच सांगितलं. चार दिवसांत देतो म्हणाला, दोरासकट दोन हजार. फोन नंबर दिला आणि पुन्हा म्हणाला, "कछू बदलने होय तो बता दइयो."

दादाचं घर शहरातल्या गढा भागाच्या बाजूला, बैठं, पुढे अंगण, अंगणात एक आंबा आणि एक कडुनिंब, मध्ये बरोबर बारा-तेरा फूट. जाळीसाठीच लावल्यासारखी झाडं. मी गाडीतून उतरून आधी अंतर पावलांनी मोजलं, मग घरात गेलो. आधी माणसाला भेटायचं सोडून झाडं मोजणारा मी.

"आला का रे? काहून इतका उशीर?" आतून तोच आवाज आला.

दादा खुर्चीत बसला होता. स्वेटर, त्यावर शाल, कानटोपी. फेब्रुवारीच्या दुपारी एवढं कशाला, असं मनात आलं. मी पायाला हात लावला आणि उठताना त्यानं मला जवळ घेतलं. शालीच्या आत माझ्या हाताला दादा लागलाच नाही. आधी लोकर लागली, मग लोकर, मग एकदम हाड.

मी मागे झालो आणि म्हणालो, "मस्त दिसतोस."

"दिसतो न? चलो, चहा घे."

त्याच वेळी बाहेर जाऊन सुखलालला फोन करायला हवा होता. नंबर खिशात होता. तीन शब्दांचं काम होतं, माप कमी करा. पण ते बोलायचं म्हणजे दादा एवढासा झालाय हे मोठ्यानं म्हणायचं, आणि ते ऐकायला पहिला माणूस मीच असणार होतो. मी चहा प्यायलो. वाटाणे वहिनींना दिले. त्या रात्रीच्या जेवणात दादानं दोन चमचे उसळ घेतली आणि ताटली सरकवली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी पुण्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "भेडाघाटला जाऊन ये. मी काय, हजार वेळा पाहिला." त्याला माझ्यासमोर दुपारी झोपायचं नव्हतं, असं मला वाटतं. मी गेलो. सकाळी लवकर जा, उन्हात संगमरवर डोळ्यांत खुपतो. होडी इतरांबरोबर करा, एकट्यानं घेऊ नका. नावाडी यमक जुळवून कॉमेंट्री करतो, ती ऐकण्यासारखी आहे. धुवांधार धबधब्याला कठड्यापाशी उभं राहिलं की तुषारांनी चष्मा पांढरा होतो. सगळं सुंदर होतं आणि मी सारखा घड्याळ बघत होतो. घरी लवकर जावंसं वाटत होतं आणि जायची भीतीही वाटत होती. येताना लम्हेट्याच्या रस्त्यानं वळसा घालून तिलवाऱ्याला आलो. कशाला, ते मला माहीत होतं.

जाळी निम्मी झाली होती. सुखलालनं ती दोन हातांत ताणून दाखवली. दोर बोटाएवढा जाड, भक्कम, गाठीला गाठ. "अबै आधो है," तो म्हणाला. "भाई से मिल लये? नाप सही हतो?"

"सही था," मी म्हणालो.

दोनदा विचारलं त्यानं, दोनदा मी खोटं बोललो. सुखलालशी खोटं बोलून मला काय मिळणार होतं? पण मला वाटत होतं, जाळी मोठी असली की दादा तिला पुरा पडेल. जाळी ब्याण्णव किलोची असेल तर दादाही असेल. पन्नाशी उलटलेला माणूस इतका खुळा असू शकतो, हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

चौथ्या दिवशी सकाळी जाळी आणली. दादाची कळी खुलली. बांधायचं कसं ते खुर्चीतूनच सांगत होता. "खोडाला आधी पोतं गुंडाळ, साल सोलून निघते. उंची गुडघ्याएवढी ठेव. अरे, इतकी ताणू नको, ढील दे थोडी!" सर्व्हेअर जागा झाला होता. गाठ मी बांधली, ती त्यानं सोडायला लावली आणि बोटांनी हवेत काढून पुन्हा शिकवली. तो अर्धा तास सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला.

मग दादानं शाल काढली, स्वेटर काढला, चपला काढल्या. नुसत्या शर्टात मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. तो कडेवर बसला, तिरका झाला, पाय वर घेतले. सगळं बरोबर केलं. आणि जाळी उघडलीच नाही. जाड दोर जागचा हलला नाही, दोन्ही कडा वर येऊन त्याच्या तोंडावर मिटल्या. आतून एक हात बाहेर आला, कड धरायला, आणि निसटला.

"अगं, काढ मला," दादा वहिनींना म्हणाला. हसत म्हणाला, पण आवाज पहिल्यांदा लहान होता.

मी पुढे झालो. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली, कंबर कसून जोर लावला. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा तो वर आला. माझाच तोल गेला, वहिनींनी मागून धरलं.

दादा खुर्चीत बसला, धापा टाकत. वहिनींनी शाल दिली. मग दादानं जाळीकडे बघून विचारलं, "चीज चांगली आहे. माप कुठून दिलं?"

"अंदाजानं."

"अच्छा." त्यानं शाल गुंडाळून घेतली. "तुझा अंदाज पाच वर्षं जुना आहे रे."

मी म्हणालो, आत्ता सुखलालकडे जाऊ, तुला गाडीतून नेतो, तो नवीन विणून देईल. दादा म्हणाला, "उद्या निघून राहिला न तू. आता कुठं चार दिवस आहेत?" खरं तर होते. फोन करून रजा वाढवता आली असती, ऑफिस काही बुडणार नव्हतं. मला त्या अंगणातून निघायचं होतं, म्हणून मी मान डोलावली. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, जाळीपेक्षाही.

"घेऊन जा तू," निघताना दादानंच ती घडी करून डिकीत ठेवायला लावली. "तुला बसेल."

पुण्यात आल्यावर दोन आठवडे ती डिकीतच होती. मग एका रविवारी गच्चीवर दोन लोखंडी खांबांना बांधली, दादानं शिकवलेल्या गाठीनं. तिरका झालो, पाय वर घेतले. जाळी लगेच उघडली, खांद्यापासून पोटरीपर्यंत. इतक्या जाड दोराचा कुठे त्रास नाही, पाठ सरळ, खालून वारा. इतका चांगला हॅमॉक मी आजवर वापरलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पाच मिनिटांवर मला त्यात पडवलं नाही.

तुम्ही कुणासाठी हॅमॉक घेणार असाल तर कापड की जाळी, दांडी की बिनदांडी, हे नंतर बघा. आधी त्या माणसाकडे जा. माप घेण्याइतका वेळ त्याच्याकडे नीट बघा, आणि जे दिसेल तेच सांगा.

त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. पंखा दिसला, कपाळ दिसलं.

"बांधली का रे जाळी?"

"बांधली."

"उघडते?"

"उघडते."

"तुझं वजन किती आहे आता?"

"एक्याण्णव."

"मग बरोबर आहे," दादा म्हणाला. समाधानानं म्हणाला.

मग विचारलं, "आणि दादा, तुझं?"

पंखा फिरत होता. मग फोन हलला आणि दादाचा पूर्ण चेहरा समोर आला, पहिल्यांदाच.

"अठ्ठावन्न होतं," तो म्हणाला. "आता छप्पन. लिहून घे."

मी लिहून घेतलं.