अनुभवकथन, वेळ दहा मिनिटं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीतली एक संध्याकाळ गुणवंतांच्या सत्काराची असते. दहावीला नव्वदच्या वर गेलेली दोन-चार पोरं, सीए झालेलं कुणीतरी आणि परदेशात शिकून आलेलं एखादं. दोन वर्षांपूर्वी ते एखादं म्हणजे मी होते. मला शाल, नारळ आणि अनुभवकथनाला दहा मिनिटं मिळाली. त्या दहा मिनिटांत मी जे बोलले त्याची मला अजून किळस येते.

खरं काय होतं ते आधी सांगते. इंग्लंडमधल्या ज्या शहरात मी मास्टर्स केलं, तिथलं माझं कॉलेज म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरचे दोन मजले. माहितीपत्रकातली हिरवळ आणि दगडी कमान होती, नाही असं नाही, पण ती तीन तासांवरच्या दुसऱ्या गावात. वर्गात आम्ही चाळीस जण, त्यातले तीसेक आपल्याकडचेच. आठवड्यातून दोन दिवस तास व्हायचे आणि सर पडद्यावरची स्लाइड वाचून दाखवायचे. तीही अडखळत.

राहायला एका घरात सात जणी, एक बाथरूम, आणि त्या बाथरूममध्ये जमिनीला चिकटवलेला गालिचा. कायम ओला. पहिल्या दिवशी त्यावर पाय ठेवला तर बोटांच्या फटीतून कोमट पाणी वर आलं, कुणाच्या अंगावरचं कोण जाणे. घासून धुवायची सोय नाही, काढायची परवानगी नाही. मी वर्षभर चपला घालून आंघोळ केली.

आणि काम सँडविचच्या कारखान्यात. उकडून सोललेली अंडी पाण्यात बुडवून निळ्या बादल्यांतून यायची. ती कुस्करायची आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून मेयॉनीजमध्ये कालवायची. झाकण उघडलं की असा भपका यायचा की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. आमच्या घरी अंडी चालत नव्हती असं काही नाही, रविवारी आम्लेट ठरलेलंच. पण त्या वासाने माझे केस, स्वेटर, उशी, सगळं नासवलं. एकदा बसमध्ये शेजारची बाई उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. मला तिचा राग आला नाही, स्वतःचीच शिसारी आली.

तिथे नोकरी मिळाली नाही म्हणून मी परत आले. आई लोकांना सांगायची, तिलाच आपल्या माणसांत राहायचं होतं. मी मान डोलवायचे.

सत्काराच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या मुलीला माझ्याच कॉलेजचं पत्र आलं होतं, जानेवारीच्या प्रवेशाचं. इथल्या चांगल्या सरकारी कॉलेजातही तिला सीट लागली होती आणि ती सोमवारपर्यंत पक्की करायची होती. काकू म्हणाल्या, "एजंट काय, काहीही सांगतात गं. हे म्हणाले, आपल्या बिल्डिंगमधली मुलगी जाऊन आलीये, तीच सांगेल खरं. पाठवू का तिला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि काकूंच्या शेजारी बसली. "उद्या सविस्तर बोलणारच आहे ना ती," आई म्हणाली. मीही म्हणाले, उद्या ऐकालच.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, बाबा इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या रांगेत. काकूंची मुलगी दुसऱ्या रांगेत, मांडीवर वही घेऊन. मी माइक हातात घेतला आणि माझी जीभ जी सुटली म्हणता. स्वावलंबन. शिस्त. वेगवेगळ्या देशांतली मित्रमंडळी. शिकता शिकता काम केल्याने कसा आत्मविश्वास येतो, यावर तर मी पूर्ण दोन मिनिटं बोलले. कुणीतरी जेवणाचं विचारलं. म्हटलं, सगळं मिळतं, काहीच अडत नाही. टाळ्या पडल्या. चेअरमनकाका म्हणाले, आपल्या सोसायटीचं नाव काढलं पोरीने. आणि काकूंची मुलगी खाली मान घालून सगळं उतरवून घेत होती. सोमवारी इथली सीट सोडली असं काकूंनी जिन्यात सांगितलं, वर माझे आभारही मानले.

एकदा चूक झाली असं म्हणायची सोयही मी ठेवलेली नाही. पुढचे तीन महिने ती मला रोज भेटत होती. ताई, कुकर नेऊ का? ताई, स्वेटर इथून घेऊ की तिथे? मी मेतकुटापासून सुईदोऱ्यापर्यंत यादी करून दिली. फक्त एकदा म्हणाले, "बाथरूममध्ये घालायला चप्पल ने." तिने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, असू दे आपली. एवढाच खरेपणा मला जमला. मी तिला वाचवू शकत होते आणि आईबाबांची मान खाली जाईल म्हणून वाचवलं नाही. अशा माणसाला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. मला मात्र शाल मिळाली.

मार्चमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात गेले. पलीकडे बसचा आवाज येत होता.

ती म्हणाली, "ताई, मला अंड्यांवर घातलंय. सुपरवायझर म्हणाली, आधी पुण्याचीच एक होती. तूच ना?"

"हो," मी म्हणाले.

आता ती मला वाट्टेल ते बोलणार, याची मी वाट बघत उभी राहिले. खरं सांगायचं तर तिने बोलावं असं मला फार वाटत होतं. तिने एकदा नाक ओढलं.

"आईला काही कळू देऊ नकोस हं, ताई," ती म्हणाली. "मी तिला सगळं छान चाललंय असं सांगितलंय. तिने विचारलं तर तूही तेच सांग. तुझं खरं वाटतं तिला."