शांता, पट्ट्या पुसून घे

"झालं ना तुझं? ऊठ. शांता, पट्ट्या पुसून घे."

टीचर हे रोज म्हणायच्या. शांता म्हणजे माझी आई. मुलुंडला टीचरांच्या घरी झाडूपोछा करायची. आम्ही विक्रोळीच्या चाळीतले, बौद्ध. आठ वर्षांची असताना एकदा आईसोबत गेले होते. टीचर पियानो वाजवत होत्या. त्या उठल्यावर मी एका बोटाने तेच वाजवून दाखवलं. टीचर म्हणाल्या, "कान आहे गं हिला." आणि शिकवायला लागल्या. दुपारी, आईचं काम चालू असताना. बाकीची मुलं संध्याकाळी यायची, त्यांच्या वेळेला मी कधी तिथे नसायचेच.

मी उठले की आई औषधाच्या पाण्यात फडकं पिळून आणायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायची. इतक्या हलक्या हाताने, की एक पट्टी वाजायची नाही. करून बघा कधी. मला अजून जमत नाही. मला आपलं वाटायचं, पियानोचं असंच असतं. वाजवलं की पुसायचं.

अकरा वर्षांची असताना पियानोच्या परीक्षेला बसले. परीक्षक परदेशी बाई. वाजवलं एकदम झकास. उठले, फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला आणि पट्ट्या पुसायला लागले. बाईंनी विचारलं, हे काय करतेस? मी म्हटलं, "आय प्लेड, नो मॅडम?"

असं कुणी करत नाही बाळा, त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता.

बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती. तीही टीचरांकडेच शिकते, हे आत जाण्याआधीच कळलं होतं. तिला विचारलं, "तुझं वाजवून झालं की कोण पुसतं गं?"

"काय पुसतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मला मात्र उत्तर कळलं.

घरी आई भाकरी थापत होती. म्हटलं, "आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग का पुसायचीस?"

"तुला शिकायचं होतं ना." तिने भाकरी उलटली. एकदा तरी रडायचंस गं आई. मी रडले, मोरीत जाऊन, नळ सोडून.

दुसऱ्या दिवशी गेले. वाजवलं. मुद्दाम चांगलं वाजवलं. टीचर म्हणाल्या, "शांता, पुसून घे." आई फडकं घेऊन आली. मी पियानोचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले.

"ती नाही पुसणार."

टीचर गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, मी कुठे मानते असलं काही? सासूबाई आहेत घरात. देव आहेत."

"मग आईचा हात कसा चालतो?"

"तिच्या हातात फडकं असतं."

शब्दन्‌शब्द असंच म्हणाल्या. आईने फडकं बादलीत टाकलं, माझं मनगट धरलं आणि आम्ही जिना उतरलो. तिचं काम गेलं, माझं शिकणं गेलं.

पुढे घाटकोपरच्या एका चर्चमध्ये जुना पियानो मिळाला. तिथल्या फादरनी किल्लीच देऊन टाकली. मग शिष्यवृत्ती, परदेश, मोठमोठी सभागृहं. आता लोक मला ऐकायला येतात. मंचावर बसले की बहुतेक वादक आधी रुमालाने पट्ट्या पुसून घेतात. घाम असतो, बोटं सरकतात. मी रुमाल नेत नाही. कधी बोट सरकतं, सूर चुकतो, पेपरवाले तेवढंच लिहितात. लिहू देत.

आईने तीन वर्षं रोज पियानो पुसला आणि जन्मात एक पट्टी वाजवली नाही. त्या चर्चमध्ये मी एकदा तिचा हात ओढला होता. म्हटलं, दाब ना गं एक. तिने हात पदरात लपवला. म्हणाली, "नको गं, खराब होईल." गेल्या वर्षी गेली. जिना उतरताना तिने माझं मनगट धरलं होतं, आणि मी तिचं एक बोट त्या पट्टीवर नेऊ शकले नाही. हे माझ्याने सोसवत नाही.

आता मुलुंडलाच कार्यक्रम आहे. परवा टीचरांचा फोन आला. आवाज म्हातारा झालाय.

"पत्रिकेत गुरू म्हणून माझं नाव टाकशील ना गं?"

"टाकते टीचर. शिकवलंत तुम्ही, खोटं का बोलू? पण वाजवायच्या आधी माईकवर सांगणार आहे, माझ्यामागे तुम्ही काय पुसून घ्यायचात, आणि कुणाकडून."

"या वयात माझी शोभा करणार तू? चार लोकांत?"

"हो."

सांगणार. मग वाजवणार. पट्ट्या माझ्या घामाने ओल्या होतील, आणि त्या तशाच ठेवून मी उठणार. कुणी फडकं घेऊन पुढे आलं, तर तिथेच त्याचा हात धरणार.