चपलांपाशी मोकळी ठेवलेली जागा

हे मी आजवर कोणालाच बोलले न्हाई. नवरा लवकर गेला. पोरगा मला देवमाणूस समजतो, त्याला कोणत्या तोंडानं सांगू? अन् पाळकसाहेबांपुढं बसलं की जीभ टाळूला चिकटते. तुम्हाला सांगायलेय, कामून की तुम्ही मला ओळखत न्हाई. ओळखीच्या माणसापुढं खरं बोलणं लई जड जातं — तुमचं होतं का कधी तसं?

मी बायबलबाई होते. निजामाच्या राज्यात, चिटगुप्प्याच्या आसपासची चार-सहा गावं माझ्याकडं होती. गावोगाव चालत जायचं, बायकांना वाचून दाखवायचं, दोन गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. अन् कोणी वाट सोडली असंल — दारू असंल, चोरी असंल, सासूला मारणं असंल — तर त्याला वळवायचं. हेच खरं अवघड. कोणाला आवडतं हो, परक्या बाईनं दारात येऊन तुझं हे चुकायलंय म्हणून सांगितलेलं?

माझ्या आधी जी बाई होती ती दारात उभी राहून बोट रोखायची. बायका तिला फौजदारीण म्हणायच्या. ती वेशीत दिसली की घराघराला कड्या लागायच्या. म्हणून मला कामाला घेतलं तेव्हा मिशनच्या मडमसाहेब एवढंच म्हणाल्या की उभं राहून कोणाला सांगू नको, तो जिथं बसला असंल तिथं त्याच्या शेजारी जाऊन बस, मग बोल. मला ते पटलं. फार पटलं. कोणी बाज टाकली तरी मी बाजेवर बसले न्हाई. शेणाच्या बुट्टीशेजारी बसले, चुलीच्या धुरात बसले. माझं लुगडं संध्याकाळी ओळखू यायचं न्हाई, अन् त्याचा मला गर्व होता. नम्रपणाचा पण गर्व होतो — हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

आता थोडं वाकडं सांगते. मला लोकांच्या पापांची भारी उत्सुकता. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात ना, ती मी. या घरात काय शिजायलंय, ती सून रुसून कामून बसली, हा माणूस माझ्याशी बोलताना खाली कामून बघायला — मला कळाल्याबिगर चैन पडायचं न्हाई. देवाच्या कामाचं पांघरूण होतं, म्हणून कोणी नाव ठेवत नव्हतं.

पहिलं खोटं मी एका म्हाताऱ्यापाशी बोलले. शिंदी पिऊन पिऊन त्याचे डोळे कायम लाल. मी शेजारी बसले, पण तो तोंड उघडंना. किती वेळ झाला, तो आपला शेंगा फोडत बसलेला. काय माझ्या मनात आलं कोण जाणे, मी म्हटलं, बाबा, मी पण पीत होते की. म्हातारा आधी माझ्याकडं बघत राहिला, मग असा हसला की ठसका लागला. शेंगांचं सूप माझ्याकडं सारलं अन् सगळं बोलला. बायको कशी मेली, पहिला घोट कोणी पाजला, सगळं. पुढं त्यानं शिंदी खरंच कमी केली. आता सांगा, मी काय समजायचं? शिंदीचा थेंब मी कधी जिभेला लावला न्हाई. पण ‘मी पण’ एवढं म्हटलं अन् कुलूप निघालं.

मग चटकच लागली. सासूला उपाशी ठेवणाऱ्या सुनेला सांगितलं की मी पण ठेवत होते. माझी सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली! दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडणाऱ्या बाईला म्हटलं, मी पण मोडलीत. कुठल्या गावात कोणतं पाप सांगितलं ते ध्यानात ठेवावं लागायचं. चिटगुप्प्याच्या बाजारात दोन गावच्या बाया एका जागी दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीनं जायची. हसू येतं का? मला पण यायचं तेव्हा. पाप्याला वाटू नये की ही आपल्याला तोलायली, म्हणून मी आपणहून खाली उतरले — असं माझं मनाला समजावणं. पण कोणी खरंच खाली उतरलेलं असतं ना, त्याचे पाय चिखलानं भरलेले असतात. माझे कोरडे होते.

आता नागम्माचं.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव हन्ना, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारत नव्हतं. मंठाळच्या अलीकडं एक गाव आहे, तिथं आमची जमात होती, म्हणजे ख्रिस्ती मंडळी, दहा-बारा घरांची. नागम्मा विधवा, मोलमजुरी करणारी, बोलणं कमी. तिला एकच लेक, इस्तर. इस्तर लहान असताना तिला देवी निघाल्या होत्या. पोरगी जगली, तोंडावर वण राहिले.

एकदा आषाढात मी तिच्या घरी गेले तर चुलीवर भात. ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढणारं घर, सणाला सुद्धा भात व्हायचा न्हाई, अन् त्या दिवशी भात शिजायला अन् कोपऱ्यात दह्याचं मडकं. म्हैस न्हाई, शेळी न्हाई, दही कुठून आलं? वर कडूलिंबाचा टाळा झाकलेला. मी त्या मुलखातली, मला सांगावं लागतंय व्हय? दहीभात अन् लिंब म्हणजे गावाबाहेरच्या मरगम्मा देवीचा निवद. देवी आलेलं लेकरू वाचलं की तिला दरसाल दहीभात. पोरगी तापानं फणफणत असताना नागम्मानं नवस बोलला होता, अन् बाप्तिस्मा घेऊन पण दरसाल चोरून फेडत होती.

अन् आमच्या त्या जमातीची एक रीत होती, ती सांगावी लागंल. प्रभुभोजनाच्या आधी ज्यानं त्यानं आपली चूक सगळ्यांपुढं बोलायची. ज्याची चूक मोठी, त्यानं प्रार्थनाघराच्या दाराशी, जिथं सगळ्यांच्या चपला काढलेल्या असतात, तिथं बसायचं. त्याला प्रभुभोजनातल्या भाकरीचा तुकडा न्हाई, मनुका भिजवलेलं पाणी न्हाई. जमातीचे वडील दानय्याअण्णा उठ म्हणतील तोवर तिथंच. चपला ही आमच्या लोकांना साधी गोष्ट नव्हती. ज्यांचे बाप-आजे दुसऱ्यांच्या चपला शिवत, दुसऱ्यांच्या दारात चपलांपाशीच उभे राहत, ते प्रभूच्या घरात पुढं बसायला मिळतं म्हणून तर आले होते. त्यांनाच परत चपलांपाशी बसवायचं. ही रीत कोणी काढली, कामून काढली, मी तेव्हा विचारलं न्हाई. एवढी चौकस मी, पण तेवढंच विचारलं न्हाई.

तर मी नागम्माच्या चुलीशी बसले. ती घाबरून भातावर ताट झाकायली. मी म्हटलं, झाकू नको. मी पण नेलाय दहीभात. माझ्या पोराला देवी आल्या होत्या तेव्हा.

माझ्या पोराला कधीच देवी आल्या नव्हत्या. त्याला मिशनच्या दवाखान्यात टोचून घेतलेलं होतं. आईचं काळीज त्या वेळी कसं होतं ते मला काय ठाऊक? पण मी सांगितलं, अन् डोळ्यांत पाणी पण आणलं.

नागम्मा लगेच रडली न्हाई. तिनं चूल विझवली अन् माझ्यासमोर येऊन बसली. तुमचं लेकरू वाचलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाचलं. मग विचारलं की तुम्ही हे जमातीत बोललाव का. मी म्हटलं न्हाई, अजून धीर झाला न्हाई. तेवढंच एक त्या बोलण्यात खऱ्यासारखं होतं.

तिनं विझल्या चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाली, “अक्का, मला आता हे लई जड व्हायलंय. इस्तरचं लगीन ठरायलंय, तिच्या डोक्यावर हात ठेवायचाय, अन् माझे हात असे. मी सांगते. पण एकटी तिथं बसले तर मरंन. तुम्ही संगं बसलाव तर बसते.”

मी म्हटलं, “बसते.”

माझ्या सगळ्या खोट्यांत हे एक खोटं न्हाई असं मला त्या क्षणी वाटलं. खरंच सांगते.

आमच्यात लग्नात आई पोरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते, मगच पोरगी नवऱ्याच्या शेजारी उभी राहते. पण चपलांपाशी बसलेल्या माणसाला ते करता यायचं न्हाई. नागम्माला ते ठाऊक होतं. तिचा हिशेब साधा होता, अन् बरोबर होता — एकटी नागम्मा म्हणजे एका मजुरणीची चूक, दानय्याअण्णा शिक्षा लांबवतील. पण बायबलबाईच शेजारी येऊन बसली तर सगळ्यांच्या माना खाली जातील, अन् लग्नाच्या आत दोघींना उठवतील. तिनं माझा हात धरला तो बुडणाऱ्यानं धरावा तसा.

तो रविवार आला. नेमके पाळकसाहेब अन् मडमसाहेब पण आलेले. दानय्याअण्णांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. नागम्मा उठली. सगळं बोलली. भात, दही, लिंब, किती वर्षांपासून, सगळं. माझं नाव घेतलं न्हाई. ते माझ्यासाठी सोडलं होतं तिनं. मग ती दाराशी गेली, चपलांत बसली. अन् बसल्यावर तिनं हातानं शेजारच्या चपला हळूच बाजूला सारल्या. एका माणसापुरती जागा केली. अन् माझ्याकडं बघितलं.

मी उठले न्हाई.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. ते मला अजून समजत न्हाई, अन् अजून मी ते उलटून-पालटून बघते. मला वाटलं — मी तर दहीभात नेलाच न्हाई. न केलेलं पाप प्रभूच्या घरात कबूल कसं करू? ते खोटं होईल की! बघा. इतकी वर्षं गावोगाव खोटं बोलत फिरले, अन् नेमकं त्या सकाळी मला खऱ्याचा पुळका आला. अन् मी खोटं बोलले होते हे खरं तरी सांगायचं होतं ना? तेवढं पण पुरे होतं. तेवढ्यानं पण मला तिच्या शेजारी जागा मिळाली असती, अन् तिथं बसायला माझ्याइतका लायक दुसरा कोणी नव्हता. पण मडमसाहेब समोर होत्या, पोरगा मिशनच्या बोर्डिंगात होता, अन् माझं लुगडं त्या दिवशी स्वच्छ होतं. मी भाकरीचा तुकडा घेतला, खाल्ला. गिळला पण.

दानय्याअण्णा वाईट माणूस नव्हते. पण ती इतकी वर्षं लपवत आली म्हणून त्यांनी तिला पीक निघेपर्यंत बसायला सांगितलं. लग्न त्याच्या आधी होतं.

दर रविवारी नागम्मा तिथं बसायची. दर रविवारी शेजारच्या चपला बाजूला सारायची. मी एकदा पण मागं वळून नीट बघितलं न्हाई, पण चपला सरकल्याचा आवाज मला ऐकू यायचा. ती माझ्याशी भांडली न्हाई. कोणाला सांगितलं न्हाई. तिला काय वाटत होतं? अक्काला अजून धीर व्हायचाय, असं वाटत होतं का? की कळालं होतं सगळं, अन् तरी जागा ठेवत होती? किती वेळा हा विचार केला असंल. मी विचारायला गेले न्हाई. सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी मी, तिला मात्र एक शब्द विचारू शकले न्हाई.

पुढं मी कोणाला ‘मी पण’ म्हटलं न्हाई. त्यानं माझं काम सुधारलं असं काही न्हाई. लोक बोलायचे कमी झाले, मी वाचून दाखवायची अन् निघून यायची.

इस्तरचं लग्न त्याच प्रार्थनाघरात झालं, अन् आशीर्वादाची वेळ आली तेव्हा दानय्याअण्णांनी इकडंतिकडं बघितलं अन् मला म्हणाले, अक्का, आईच्या जागी तुम्ही या. सगळ्यांना ते योग्यच वाटलं. इस्तरनं मान खाली घातली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोटं कपाळावर आली, तिथले वण बोटांना लागले. प्रार्थना केली. चांगली केली, बायका रडल्या.

जेवणं झाली, लोक उठले, आपापल्या चपला घालून निघाले. मी सगळ्यांच्या शेवटी दाराशी आले. नागम्मा तिथंच होती, अन् शेजारची जागा मोकळी होती. तिनं माझ्या चपला ओळखून काढल्या, तोंडं बाहेर करून माझ्या पायांपुढं ठेवल्या, अन् म्हणाली, “हात ठेवलाव, बरं झालं, अक्का.”

मी चपला घातल्या अन् गेले.