मैदान लहान होतं का?

दहावीत गणितात मला भरघोस मार्क पडले, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "पेपर सोपा होता का?" पुढे नोकरी लागली तेव्हाही, "इंटरव्ह्यू सोपा होता का?" त्यामुळे इंग्लंडमध्ये स्लाऊला आल्यावर रविवारच्या बेसबॉलमध्ये मी चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवून आयुष्यातला पहिला होमरन मारला आणि हौसेने पुण्याला फोन लावला, तेव्हा काय ऐकावं लागणार हे मला ठाऊक होतं.

"मैदान लहान होतं का?"

"फोन आईकडे द्या," मी म्हटलं.

जूनमध्ये आई-बाबा इथे आले. बाबा रस्ते बांधणारे, आता निवृत्त झालेले इंजिनिअर. तिसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर आम्ही खेळतो त्या पार्कात आले. बेसबॉलमध्ये कुंपणाचं अंतर प्रत्येक मैदानावर वेगळं असतं, हे मी सहज बोलून गेले आणि ते थबकले.

"म्हणजे इथला सिक्सर दुसरीकडे कॅच?"

"हो."

"आणि कुणी तक्रार करत नाही?" त्यांचा चेहरा खुलला. लगेच पावलं मोजायला निघाले. मी मागे मागे, कुणी ओळखीचं बघत नाही ना याची काळजी करत. "डावीकडे एकशे अठरा, उजवीकडे शंभर. तुझा कुठे गेला?"

"उजवीकडे." मला मनस्वी राग आला. "बाबा, एकदा तरी नुसतं छान म्हणा ना! हे काय ऑडिट आहे?"

त्यांचं लक्षच नव्हतं. उजवीकडे रस्ता असल्यामुळे जाळी चांगली दोन पुरुष उंच आहे. तिच्याकडे मान वर करून बघत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी वारा कुठून होता?"

"मला काय माहीत? आय वॉज बॅटिंग!"

"तू फोनवर म्हणालीस, बॅट घेऊन उभी राहिलीस आणि तळलेल्या कांद्याच्या वासाने भूक लागली. तो कांदा कुठे होता?"

मी जाळीपलीकडे बोट दाखवलं. रविवारी तिथे बर्गरची व्हॅन उभी असते. बाबांनी चिमूटभर गवत उपटून हवेत सोडलं, व्हॅनच्या जागेकडे बघितलं आणि मान डोलावली. तीन वर्षं मी तो वास घेत खेळतेय, पण त्याच वाऱ्याने चेंडू मागे ढकलला जात असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. राग होताच, तरी आता मलाही हिशेब ऐकायचा होता. बाबा मात्र तोवर घराच्या वाटेला लागले होते.

मी दारात बूट काढत होते. आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

"कुंपण जवळ आहे," बाबा तिला सांगत होते. "पण जाळी उंच, आणि वारा समोरून."

"मग?"

"मग काय! पेपर अवघड होता."

मी एक बूट हातात धरून तिथेच उभी राहिले, आणि मला रडू आलं.